उत्तर हवं कुणाला?

‘दोन तास बसवून ठेवलं आणि शेवटी खुनी कोण ते सांगितलंच नाही.’ हरवलेल्या मुलांवरच्या थ्रिलरबद्दल ही तक्रार हल्ली सर्रास ऐकू येते. ओटीटीवर कोरियन सिनेमे पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाची तर ती ठरलेलीच. तिच्यामागचा युक्तिवाद असा: थ्रिलर म्हटला की कोडं आलं, आणि कोडं घातलं की ते सोडवणं आलं. पडद्यावर एखाद्या बापाला वीस वर्षं झुरत ठेवायचं, प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावायचा आणि शेवटी हात वर करायचे, ही फसवणूक. खरा खुनी सापडला नसेल तर खुशाल माहितीपट काढा, रहस्यपट म्हणून तिकीट लावू नका. बापाच्या दुःखाची एवढीच चाड असेल तर निदान पडद्यावर तरी त्याला उत्तर मिळू द्या.

शेवटचं वाक्य ऐकायला फार सहृदय आहे. माझं भांडण नेमकं त्याच्याशीच आहे. उत्तर द्याच, कसलंही द्या, पण द्या, हा हट्ट हरवलेल्या मुलांच्या बापांना आजवर किती महागात पडला, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे वाक्य जरा जपून उच्चारावं.

ज्या सिनेमावरून ही तक्रार करता येईल असा अगदी ठळक नमुना म्हणजे ली क्यू-मान यांचा ‘चिल्ड्रन’, २०११ सालचा. दक्षिण कोरियात तीन प्रकरणं ‘न सुटलेली तीन’ म्हणून ओळखली जात आणि तिन्हींवर मोठे व्यावसायिक सिनेमे निघाले. ह्वासाँगच्या स्त्रीहत्यांवर बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३), सोलमधल्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या अपहरणावर ‘व्हॉइस ऑफ अ मर्डरर’ (२००७), आणि देगू शहरातल्या पाच मुलांवर हा ‘चिल्ड्रन’. तिन्ही सिनेमे निघाले तेव्हा एकाही प्रकरणातला गुन्हेगार माहीत नव्हता.

देगूची हकीकत आधी सांगायला हवी, कारण सगळा वाद तिच्यातच आहे. २६ मार्च १९९१. स्थानिक निवडणुकांच्या मतदानाची सुट्टी. सोंगसो प्राथमिक शाळेतली, नऊ ते तेरा वर्षांची पाच मुलं सकाळी घराजवळच्या वारयोंग डोंगराकडे निघाली. ती निघाली होती सॅलमँडरची अंडी शोधायला. वर्तमानपत्रांनी बेडूक लिहिलं आणि मुलं कायमची ‘बेडूकवाली मुलं’ झाली. डोंगर म्हणाल तर जेमतेम तीनशे मीटर उंच, आपण ज्याला टेकडी म्हणू एवढा. संध्याकाळी मुलं परतली नाहीत.

मग जे झालं ते त्या देशात आधी कधी झालं नव्हतं. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून पोलिसांबरोबर सैन्य डोंगरावर चढलं. शोधात उतरलेल्या माणसांची रोजची संख्या मिळवत गेलं तर बेरीज ३ लाखांच्या वर जाते. बक्षीस जाहीर झालं, मुलांचे चेहरे दुधाच्या खोक्यांवर आणि सिगारेटच्या पाकिटांवर छापले गेले. आपल्याकडे दूरदर्शनवर ‘आपण यांना पाहिलंत का?’ लागायचं, त्यातला तो ‘रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा सदरा’ हा सपाट सरकारी सूर ज्यांच्या कानात अजून आहे, त्यांनी तोच सूर अख्ख्या देशाच्या न्याहारीच्या टेबलावर मांडलेला कल्पावा. एवढं सगळं होऊन हाती काहीच लागलं नाही.

पोलीस दमले तेव्हा बापांनी नोकऱ्या सोडल्या. एक ट्रक घेतला, त्यावर मुलांचे फोटो लावले आणि गावोगाव फिरू लागले. कुणी सांगितलं बंदरावर दिसली, की बंदरावर. कुणी सांगितलं बेटावर राबवून घेतायत, की तिकडे. खोट्या खबरींना तोटा नव्हता. मुलं गेली ती सुट्टीच्या एका सकाळी, पण घरं मोडली ती पुढच्या काही वर्षांत: पगार थांबले, उधाऱ्या चढल्या, घरातल्या बाकीच्या भावंडांकडे बघायला कुणाला उसंत राहिली नाही. सिनेमात हा काळ पार करायला एक पाटी पुरते. पडदा काळा होतो, ‘पाच वर्षांनंतर’ अशी अक्षरं येतात आणि बापाच्या कानशिलावर थोडा पांढरा रंग. थ्रिलरवर रागवायचंच असेल तर मी त्या पाटीवर रागवेन. तिच्याबद्दल मात्र फसवणुकीची तक्रार कधी कुणी केलेली मी ऐकली नाही.

पुढे १९९६ चा जानेवारी आला. मानसशास्त्राच्या एका उच्चशिक्षित अभ्यासकाने सगळ्या हकीकती ताडून एक सिद्धांत मांडला होता. मुलं डोंगरावर गेलीच नाहीत. पाचांपैकी एकाच्या बापाने त्यांना मारलं आणि घरातच पुरलं. पुरावा कशाचा? आईबापांच्या वागण्याचा. मुलाचा म्हणून एक फोन आला तेव्हा ते म्हणावे तसे हलले नाहीत, बोलताना म्हणावे तसे कोसळले नाहीत. थोडक्यात, त्यांचं दुःख अभ्यासकाच्या अपेक्षेत बसलं नाही. सिद्धांत इतका नेटका होता की पोलिसांनाही तो पटला. वार्ताहर आणि शेजारीपाजारी गोळा झालेले असताना त्या घराची जमीन यंत्र लावून उकरली गेली. जमिनीखाली मातीच होती.

तो बाप २००१ साली यकृताच्या कर्करोगाने गेला. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २००२ ला, त्याच वारयोंग डोंगरावर पाचही मुलांचे सांगाडे मिळाले. लाखो पावलांनी तुडवलेल्या डोंगरावर. पोलीस आधी म्हणाले थंडीने गारठून मेली असावीत. विद्यापीठाच्या न्यायवैद्यक पथकाने कवट्यांवरच्या जखमा पाहून हत्या असल्याचा निर्वाळा दिला. तेव्हाच्या कोरियन कायद्यात खुनाचा खटला भरायला पंधरा वर्षांची मुदत होती. ती मार्च २००६ मध्ये संपली. मारेकरी आजही अज्ञात आहे. आणि मुलं डोंगरावर गेलीच नाहीत असं सांगणारं त्या अभ्यासकाचं पुस्तक २००५ मध्ये, म्हणजे सांगाडे डोंगरावर सापडल्यानंतर तीन वर्षांनी, बाजारात आलं.

आता तक्रारदाराने सांगावं, या हकीकतीत ‘उत्तर द्याच’ म्हणणारा माणूस कोण? तो अभ्यासक. त्याला अनिश्चितता सोसवेना. चार धागे लोंबकळत राहिलेले बघवेनात. त्याने ते जुळवले, एक धक्कादायक वळण शोधलं, आणि सगळ्यात कमी संशय जिच्यावर यावा अशी व्यक्ती गुन्हेगार ठरवली. रहस्यकथेच्या कुठल्याही शिकवणीत त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. बापच खुनी! याहून सरस शेवट कोणता पटकथाकार लिहील?

‘चिल्ड्रन’ हा प्रसंग टाळत नाही, आणि हे त्या सिनेमाचं मोठेपण आहे. त्यातला एक टीव्ही निर्माता माहितीपटात बनवाबनवी केल्याबद्दल राजधानीतून देगूला धाडलेला आहे. त्याला मोठी बातमी हवी आहे, प्राध्यापकाला सिद्धांत खरा व्हायला हवा आहे. दोघं मिळून पोलिसाला भरीला घालतात. खोदकामाच्या प्रसंगात गर्दी दम धरून खड्ड्याकडे बघत असते आणि आपणही खुर्चीच्या कडेला सरकून बघत असतो. काहीतरी निघावं असं वाटत असतं. बाप बाजूला उभा. फावड्याखाली काहीच लागत नाही तेव्हा आपल्याला किंचित हिरमुसल्यासारखं होतं, आणि त्याच क्षणी आपण कुणाच्या बाजूला उभे होतो ते कळतं. पूर्ण सिनेमात मला एवढा एकच प्रसंग खरोखर थोर वाटतो, पण तो एकटा शंभर उकललेल्या रहस्यांना भारी आहे.

दुर्दैवाने पुढे सिनेमाचाही धीर सुटतो. सांगाडे सापडल्यानंतरच्या भागात दिग्दर्शकाने एक संशयित उभा केला आहे, कत्तलखान्यात काम करणारा. पाठलाग, झटापट, अंधार, सगळं साग्रसंगीत. निर्माता त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो आणि आपल्याला आतून सांगितलं जातं की हाच तो. म्हणजे ज्या रोगाचं निदान पहिल्या दीड तासात अचूक केलं, तोच रोग शेवटच्या भागात सिनेमाला जडला. तक्रारदारांना मुद्दाम सांगतो: तुम्हाला उत्तर मिळालं नाही म्हणून हा सिनेमा फसलेला नाही. तुमच्या भीतीने त्याने अर्धं उत्तर दिलं आणि तिथे तो फसला.

इथे प्रतिपक्षाला एक माप मोकळेपणाने द्यायला हवं. मनाने रचलेल्या गुन्ह्याचा करार वेगळा असतो, हे खरंच. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं वाचून वाढलेल्या दोनतीन पिढ्यांना ‘झुंजार’ शेवटच्या प्रकरणात येऊन सगळं उलगडून सांगणार याची खात्री असे, आणि त्या खात्रीवरच पुस्तक हातात घेतलं जाई. तिथे लेखकाने उत्तर चुकवलं असतं तर वाचकाने पुस्तक परत आणून टाकलं असतं, आणि योग्यच केलं असतं. जिथे प्रेतही लेखकाचं आणि खुनीही लेखकाचा, तिथे हिशेब पुरा करणं लेखकाचं कामच. पण देगूची मुलं कुणा लेखकाची नव्हती. त्यांच्या खुनाचं उत्तर कथेच्या सोयीने नेमणं म्हणजे कुठल्या तरी खऱ्या माणसाच्या अंगणात फावडं नेणं. कारण असा सिनेमा पाहून लोक घरी जातात आणि म्हणतात, ‘तसंच झालं असणार.’

मला यावर उलट विचारलं जाईल: मग उत्तर मिळालेलं वाईट का? ह्वासाँगचं उत्तर मिळालंच ना? मिळालं, आणि म्हणूनच ते नीट पाहायला हवं.

१९८६ ते १९९१ या काळात ह्वासाँग परिसरात दहा हत्या झाल्या. ‘मेमरीज ऑफ मर्डर’च्या शेवटी माजी पोलीस अधिकारी सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे प्रेक्षागृहात कुठेतरी बसलेल्या मारेकऱ्याकडे बघतो. उत्तर न देणाऱ्या शेवटांमधला हा सगळ्यात गाजलेला. सोळा वर्षांनी, २०१९ मध्ये, जुन्या पुराव्यांवरच्या डीएनएमुळे ली चून-जे हे नाव पुढे आलं. मेहुणीच्या खुनासाठी तो आधीपासूनच जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खुनांची कबुली दिली. खटल्याची मुदत केव्हाच टळून गेलेली, त्यामुळे शिक्षा नाही. तो सिनेमा आपण तुरुंगात पाहिला, काही विशेष वाटलं नाही, असंही त्याने पुढे न्यायालयात सांगितलं. ज्या नजरेची एवढी तारीफ झाली ती ज्याच्यासाठी होती त्याच्यावर तिचा इतपतच परिणाम. सिनेमावाल्यांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवायला हरकत नाही.

पण उत्तर म्हणजे फक्त हे नाव नव्हे. दहांपैकी आठव्या हत्येचं ‘उत्तर’ पोलिसांनी १९८९ मध्येच देऊन टाकलं होतं. पोलिओने अधू झालेला एक तरुण कामगार पकडला, मारहाण करून, झोपू न देता कबुली घेतली आणि प्रकरण निकाली काढलं. त्याने वीस वर्षं तुरुंगात काढली. डिसेंबर २०२० मध्ये तो निर्दोष ठरला. त्या हत्येतली मुलगी तेरा वर्षांची होती. तिच्या घरच्यांनी तीस वर्षं ज्या नावाचा तिरस्कार केला असेल ते नाव चुकीचं होतं. उत्तर लवकर मिळण्याची ही किंमत.

दुसरं प्रकरण याहून काळं. ली चून-जेने कबूल केलेल्या खुनांत जुलै १९८९ मध्ये शाळेतून परतताना नाहीशी झालेली एक आठ वर्षांची मुलगी होती. पोलीस दप्तरात ती तीस वर्षं नुसती ‘बेपत्ता’. चौकशी झाली तेव्हा कळलं की तिच्या वस्तू आणि अवशेष तेव्हाच्या तपास अधिकाऱ्यांच्या हाती लागले होते, आणि त्यांनी ते दडपले. बाप मुलीला शोधत राहिला आणि ज्यांच्याकडे तो चकरा मारत होता त्यांना ती कुठे आहे ते माहीत होतं. त्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्याचीही मुदत संपलेली. आईबापांनी सरकारवर दिवाणी दावा लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने भरपाई मंजूर केली, पण तोपर्यंत आई गेलेली होती आणि निकालाच्या थोडंच आधी बापही गेला.

या बापाला थ्रिलरने काय उत्तर दिलं असतं? खुन्याचं नाव. शेवटच्या दहा मिनिटांत पाऊस, शेत, हातकड्या. ते उत्तर खरंही ठरलं असतं आणि तरी अपुरं, कारण त्याच्या तीस वर्षांचा चोर दुसराच कुणीतरी होता आणि तो वर्दीत होता. ‘कोणी मारलं’ हा एकच प्रश्न खरा मानणारी कथा त्या माणसाला कधीच पकडणार नाही. तिच्या साच्यात पोलीस आळशी असतील, मारकुटे असतील, पण सरतेशेवटी ते शोधणारेच असतात.

दुसरा एक आक्षेप घेतला जातो, तो वरच्या तक्रारीच्या अगदी उलट टोकाचा: असे सिनेमे करूच नयेत, बापांच्या दुःखाचा हा बाजार आहे. या आक्षेपात तथ्य आहे, पण तो चुकीच्या जागी टोचतो. ‘व्हॉइस ऑफ अ मर्डरर’ घ्या. १९९१ च्या जानेवारीत सोलमध्ये मुलाचं अपहरण झालं, अपहरणकर्ता फोन करत राहिला, चव्वेचाळीस दिवसांनी मुलाचं प्रेत मिळालं. सिनेमाच्या अखेरीला त्या माणसाच्या आवाजाचं खरं ध्वनिमुद्रण ऐकवलं जातं. मुदत उलटून वर्ष झालेलं असतानाही प्रेक्षकांपैकी कुणाला आवाज ओळखू येईल, ही आशा. याला बाजार म्हणवत नाही; दुधाच्या खोक्यावरच्या फोटोचंच ते पुढचं रूप आहे. खटकतं ते वेगळं. सिनेमात मुलाचा बाप प्रसिद्ध वृत्तनिवेदक केला आहे. मूळ घटनेत तसं काही नव्हतं. साध्या माणसाचं दुःख पडद्यावर पुरेसं शोभत नाही, त्याला सूट, टाय आणि चांगलं शब्दोच्चारण हवं, असा हिशेब त्यामागे दिसतो. बाजार असलाच तर इथे आहे: दुःखाचा चेहरा ठरवून देण्यात. आणि चेहरा ठरवून दिला की त्यात न बसणाऱ्या देगूच्या बापाचं काय होतं, ते वर आलंच आहे.

निखळ कल्पित थ्रिलरमध्ये हा चेहरा बहुधा सूड घेणाऱ्या बापाचा असतो. ‘प्रिझनर्स’ (२०१३) मधला अमेरिकन सुतार बाप संशयिताला कोंडून त्याचे हाल करतो. तो चुकीच्या माणसाचे हाल करतो हे सिनेमा दाखवतो, तेवढा तो प्रामाणिक. तरीही पोस्टरवर राग ह्यू जॅकमनचाच विकला जातो. कोरियन ‘मोंटाज’वरून आपल्याकडे झालेल्या ‘तीन’ मध्ये (२०१६) कोलकात्याचा म्हातारा आजोबा आठ वर्षं पोलीस ठाण्याची पायरी झिजवतो. अमिताभ बच्चन त्या पहिल्या अर्ध्या भागात, बाकावर बसून राहण्यात, जेवढे खरे वाटतात तेवढे पुढे डाव रचताना वाटत नाहीत. पण डाव नसेल तर उत्तर कसं मिळणार? मग बाकावरून उठवा त्याला.

बाकावर बसून राहणं ही या विषयातली मध्यवर्ती क्रिया आहे. आपल्या जुन्या लोकांना ते कळलं होतं असं म्हणावं लागेल. माणूस परागंदा झाला, बारा वर्षं वाट पाहिली आणि पत्ता लागला नाही, तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिच्यावर अंत्यसंस्कार करण्याचा विधी धर्मशास्त्राने सांगितला आहे. मी या विधींचा भोक्ता नाही. पण त्यातला व्यवहार बघण्यासारखा आहे. कोणी मारलं, का मारलं, मेला की जिवंत आहे, यातलं काहीही कळलेलं नसताना घरच्यांना रडायची मुभा मिळते. अज्ञान कबूल करून शोक करता येतो. थ्रिलरला शोक हवा असतो, पण अज्ञान नको असतं. देगूच्या कुटुंबांनी मुदत संपल्यानंतर जाहीरपणे विनवलं की शिक्षेचं राहू द्या, निदान कारण सांगा. त्यांना उत्तराचा हक्क आहेच, आणि पोलिसांनी २०१९ मध्ये प्रकरण पुन्हा हाती घेतलं ते योग्यच केलं. पण हा हक्क त्यांचा. तिकीट काढून आलेल्या माझ्यातुमच्याकडे तो आपोआप येत नाही. त्यांचा प्रश्न आणि आपली खाज या वेगळ्या गोष्टी आहेत.

‘हे सगळं कोरियाचं झालं, आपल्याकडे खुनाला मुदतबिदत नाही,’ असं कुणी म्हणेल. बरोबर. भारतीय कायद्यात खुनाचा खटला कितीही वर्षांनी भरता येतो. म्हणूनच निठारीकडे बघा.

नोएडाच्या सेक्टर ३१ ला लागून असलेल्या निठारी गावातून मुलं नाहीशी होत होती. बाप मजूर, रिक्षा ओढणारे, इस्त्री करणारे, बहुतेक परप्रांतांतून आलेले. तक्रार घेऊन गेले की पोलीस त्यांना हाकलत, मुलगी पळून गेली असेल म्हणत. २९ डिसेंबर २००६ ला एका बंगल्यामागच्या नाल्यात सांगाडे मिळाले. घरमालक आणि घरगडी पकडले गेले, दोघांना फाशीच्या शिक्षा झाल्या. वाहिन्यांनी नरभक्षकाच्या कथा महिनोन्‌महिने चालवल्या. १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या शिक्षा रद्द केल्या. न्यायालयाने तपासावर जे ताशेरे मारले त्यांचा आशय असा होता की घरातल्या गरीब नोकराला राक्षस ठरवून त्याच्या गळ्यात सगळं अडकवण्याचा सोपा मार्ग तपासयंत्रणेने धरला आणि अवयवांच्या व्यापाराची शक्यता नीट तपासलीच नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या निकालाविरुद्धची अपिलं फेटाळली. अपील करणाऱ्यांत एका मुलीचा बापही होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये उरलेल्या अखेरच्या प्रकरणातही नोकर सुटला.

राक्षस उभा करण्याचा सोपा मार्ग थ्रिलरलाही ठाऊक आहेच. ‘सेक्टर ३६’ हा या प्रकरणावरून सुचलेला सिनेमा नेटफ्लिक्सवर सप्टेंबर २०२४ मध्ये आला, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अकरा महिन्यांनी. दिग्दर्शक आदित्य निंबाळकर. पहिला भाग चांगला आहे: हरवलेल्या मुलांचे फोटो ठाण्याच्या फलकावर एकावर एक चढत जातात आणि इन्स्पेक्टर ढिम्म. तो हलतो कधी? त्याच्या स्वतःच्या मुलीवर हात पडतो तेव्हा. म्हणजे फलकावरच्या मुलांचे बाप पुरेसे बाप नव्हते. मग विक्रांत मॅसीचा तो गाजलेला कबुलीजबाबाचा प्रसंग येतो, त्यात नोकर थंडपणे, तपशिलात, जवळजवळ चवीने सगळं सांगतो. अभिनय उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण उच्च न्यायालयाने जी कबुली विश्वासार्ह मानली नाही, तिचीच ही पडद्यावरची जुळी आवृत्ती. पात्रांची नावं बदलली, ‘प्रेरित’ अशी पाटी लावली, की जबाबदारी संपते असं मानायचं का? ज्यांनी तो सिनेमा पाहिला त्यांच्या दृष्टीने निठारीचा निकाल लागलेला आहे. ‘शेवटी खुनी दाखवला’ म्हणून या सिनेमाबद्दल कुणी फसवणुकीची तक्रार केली नाही.

मग करायचं तरी काय, सिनेमे बंद? मुळीच नाही. उलट मला असा थ्रिलर बघायचा आहे ज्यात ठाणे अंमलदार तक्रार लिहून घेत नाही आणि बाप बाहेर येऊन पुन्हा आत जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो, आणि प्रत्येक वेळी तो आत गेल्यावर माझ्या छातीत धडधडतं. त्यात ताण नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला कधी बसून पाहिलेलं नसावं. हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार रीतसर गुन्हा म्हणून नोंदवा आणि अपहरण झालंय असं गृहीत धरून तपास करा, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला मे २०१३ उजाडावा लागला. तोपर्यंत देशभर अशा किती बापांना नुसत्या ‘मिसिंग’च्या नोंदीवर घरी धाडलं असेल. निठारीत मुलांना कोणी मारलं हे आज कायद्याच्या दृष्टीने अज्ञात आहे. तक्रारी कोणी नोंदवून घेतल्या नाहीत हे मात्र २००७ च्या जानेवारीतच माहीत झालं होतं. काही पोलीस तेव्हा निलंबित झाले, काही बडतर्फ. त्यांचा शोध घ्यायला कुठल्याही कुशाग्र इन्स्पेक्टरची गरज पडली नाही, आणि त्यांच्यातल्या कुणाची भूमिका विक्रांत मॅसीला द्यावी असं अजून कुणाला सुचलेलं नाही.